पाठ कोरडी पाहिजे

"हात वर करा."

रियाधमध्ये ओलायासारख्या उंची भागातल्या चकचकीत दुकानात, आरशासमोर नवं जॅकेट घालून आपण स्वतःवर खूश होत असताना मागून मराठीत असा हुकूम आला, तर तुम्ही काय कराल? मी दोन्ही हात वर केले. बायको फिदीफिदी हसायला लागली.

"बगा. पोट उघडं पडलं," मागचा आवाज म्हणाला. "वाऱ्याला तेवढंच पायजे असतंय. काढा ते."

मी वळून पाहिलं. साठीकडे झुकलेला, काटकुळा, अर्ध्या बाह्यांच्या युनिफॉर्ममधला एक माणूस गळ्यात टेप अडकवून उभा होता. आमचं नवरा-बायकोचं मराठीतलं भांडण त्यांनी कपाटाआडून ऐकलं होतं. भांडण साधंच होतं. शाळेच्या सुट्टीत आम्ही जॉर्जियाला बर्फात जाणार होतो. इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या रहिवासी परवान्यावर, तिकडे सहज प्रवेश मिळतो, म्हणून रियाधमधले निम्मे भारतीय तिकडेच जातात. मला सगळ्यात जाड जॅकेट हवं होतं आणि बायकोला सगळ्यात स्वस्त. त्यांनी आमची दोघांचीही निवड बाजूला काढून ठेवली.

नंतर कळलं की ते गिऱ्हाइकाला नुसतं आरशात बघू देतच नसत. हात वर करायला लावायचे, मग खाली वाकायला, मग स्टुलावर बसायला. एखाद्या लठ्ठ सौदी तरुणालाही "ईदक फोग" म्हणून हात वर करायला लावत, आणि तोही बिचारा निमूट करायचा. मग ते स्वतःची दोन बोटं त्याच्या कॉलरमध्ये, मानेच्या मागे घालत आणि डोळे मिटून उभे राहत. वैद्य नाडी बघतो तसे. तिथे जरा ओलसर लागलं की मान हलवायचे. "घाम. इथं एसीत घाम आला, तर डोंगरावर काय होईल? पाठ कोरडी पायजे. बाकी सगळं मागनं."

'पाठ कोरडी पायजे' हे त्यांचं वाक्य मी त्या तीन हिवाळ्यांत किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही.

थरांबद्दल त्यांचं एक छोटं भाषण होतं. ते मराठीत, हिंदीत आणि मोडक्यातोडक्या अरबीत असं तिन्ही भाषांत तयार होतं. "आतला थर घाम उचलतो. मधला ऊब धरतो. बाहेरचा वारा अडवतो. तिघांनी आपापलं काम करायचं. एकानं दुसऱ्याचं करायला जायचं नाय." मग ते जॅकेट उलटं करून काखेत चेन आहे का ते बघत. चालून गरम झालं की ती उघडायची असते. ती नसेल तर कितीही नावाजलेलं जॅकेट असो, ते परत कपाटात जाई. आणि पँट, बूट, हेल्मेट विकत घ्यायला निघालेल्याला ते हळूच सांगत, "हे तिकडं भाड्यानं मिळतं. आतले कपडे तेवढे सोताचे घ्या." दुकानाचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, लांबून हे बघून कपाळावर हात मारायचा. पण त्यांनी कपडे दिलेली माणसं दरवर्षी परत येत आणि चार जणांना घेऊन येत, म्हणून तो गप्प बसे.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला कपडे देताना ते एकदम वेगळे झाले. सगळी चेष्टामस्करी बंद. चार थर्मल काढून पाहिले, प्रत्येकाची शिवण आतून बोटाने चाचपली, तिला दुकानात इकडून तिकडे पळायला लावलं. ती आमच्याशी बोलते तसंच त्यांच्याशीही इंग्रजीत बोलत होती आणि ते तिच्याशी मराठीत. दोघांचं छान चाललं होतं. पळून झाल्यावर त्यांनी तिच्या कॉलरमध्ये बोटं घातली, डोळे मिटले, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक सांगतो, रागावू नका. बनियन घालू नका."

"म्हणजे?"

"सुती बनियन. सँडो. थर्मलच्या आत घालायची सवय असते आपल्या लोकांना. तुम्ही घालणार, मला म्हाईत हाय. सूत घाम पितं आणि धरून बसतं. घालू नका."

मी घालणार नाही असं सांगितलं, आणि अर्थात घातला. तुम्ही मराठी पुरुष असाल तर मला समजून घ्याल. बनियनशिवाय शर्ट घालणं म्हणजे कपडे न घालता घराबाहेर पडल्यासारखं वाटतं. लहानपणापासून अंगाला चिकटलेली ती गोष्ट आहे. बाकी सगळं अगदी त्यांनी सांगितलं तसं घातलं, फक्त तळाशी एक गुपचूप सँडो. स्कीइंग शिकताना पहिल्या तासाभरात पाच वेळा आपटलो, उठलो, घामाघूम झालो. मग वर जाणाऱ्या पाळण्याच्या खुर्चीत बसलो. वारा सुटला आणि माझ्या पाठीवर कुणीतरी ओलं फडकं ठेवून दिल्यासारखं झालं. दात वाजायला लागले. शेजारी माझी मुलगी मजेत गाणं म्हणत होती.

परत आल्यावर मी दुकानात गेलो नाही. त्यांचाच फोन आला. कपडे दिलेल्या प्रत्येकाला ते परत आल्यावर फोन करत. मला वाटलं होतं, धंद्याची रीत असेल. पण त्यांचे प्रश्न धंद्याचे नव्हते. "पोरीची पाठ ओली झाली का? कधी? किती वाजता? बोटं कशी होती? रात्री खोकली का?" दहा मिनिटं फक्त मुलीबद्दल. शेवटी म्हणाले, "आणि तुमचा बनियन?"

मी कबूल केलं. ते हसले नाहीत. "बरं झालं, तुम्हीच घातलेला, पोरीनं नाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते मूळचे चिपळूणजवळच्या एका गावचे. बायको आणि दोन मुलं गावी. रियाधबाहेरच्या कामगारांच्या एका कँपमध्ये एका खोलीत पाच जण राहायचे. दुकानात येण्याआधी त्यांनी बरीच वर्षं एका कोल्ड स्टोअरमध्ये काढली होती. गोठवलेल्या कोंबड्यांची खोकी लावायचं काम. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत उणे वीस. थंडीचे कपडे त्यांना कळतात या एका गोष्टीवर त्यांना दुकानातली नोकरी मिळाली होती. शुक्रवारी त्यांना सुट्टी असे. मग मी त्यांना गाडीतून घरी आणू लागलो. आमच्याकडे मासे शिजले की त्यांचा चेहरा खुलायचा. बायकोला ते वहिनी म्हणत. आमटीत कोकम कमी पडलं तर तोंडावर सांगत.

दुसऱ्या हिवाळ्यात मी त्यांना गंमत म्हणून आमच्या इथल्या मॉलमधल्या बर्फाच्या हॉलमध्ये घेऊन गेलो. आत कृत्रिम बर्फ, मुलं घसरतायत, आईबाप फोटो काढतायत. त्यांनी आत पाऊल टाकलं, एक खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "हे तर कोल्ड स्टोअर हाय. फक्त कोंबड्या नायत." पाच मिनिटांत बाहेर येऊन चहा पीत बसले.

मी तेव्हा सहज विचारलं, "काका, तुम्ही खऱ्या बर्फात कधी गेलात?"

मी काही फार मोठं विचारलं नव्हतं. पण त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

दुकानातला त्यांचा पहिलाच हिवाळा होता. एक मराठी डॉक्टर बायको-मुलीसह आले. मुलगी नऊ वर्षांची. कपड्यांचा प्रश्न आला की काका तेव्हा कोल्ड स्टोअरच्या हिशेबाने विचार करायचे. तिथे माणूस जाडजूड कपडे घालून वीस मिनिटं आत जातो आणि बाहेर येतो. धावत नाही, पडत नाही, वाऱ्यात बसत नाही. तेव्हा कपडे जाड असले की झालं. मुलीला थर्मल टोचत होता, म्हणून त्यांनी तिला आतून सुती बनियन आणि सुती इनर दिला. "सुती बरं, अंगाला टोचत नाय," हे त्यांचेच शब्द. वर लोकरीचा स्वेटर, त्यावर सगळ्यात जड कोट. मुलगी दिवसभर बर्फात खेळली, घामाने आतून भिजली, आणि ते ओलं अंगावर घेऊनच संध्याकाळपर्यंत बसली. तिला न्यूमोनिया झाला. परक्या देशात चार दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती.

परत आल्यावर डॉक्टर दुकानात आले. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडले. "तू स्वतः कधी बर्फात गेलायस का? मग लोकांच्या मुलांना काय कपडे देतोस?"

"मी काय सांगणार? गेलोच नव्हतो," काका म्हणाले.

त्यांनी डॉक्टरांना नंतर दोनदा फोन केला होता. मुलगी बरी आहे एवढं कळलं. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, पुन्हा फोन करू नका. त्यांनी केला नाही. पण त्या दिवसापासून ते शिकले. कंपन्यांची पुस्तकं दुसऱ्याकडून वाचून घेतली, बर्फातून आलेल्या प्रत्येकाला फोन करून विचारलं, कुठे ओलं झालं, कुठे गार लागलं. त्या सगळ्यातून ते तीन थरांचं भाषण तयार झालं होतं. आम्ही ते गमतीने ऐकायचो. मला त्या दिवशी माझ्या हसण्याची लाज वाटली.

तिसऱ्या वर्षी कंपनीने कळवलं की आता त्यांचा इकामा वाढवणार नाहीत. वय झालं. हिवाळा संपला की फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत. माझी बायको म्हणाली, "काकांना आपल्याबरोबर नेऊ या." मला वाटलं ते नाही म्हणतील. तिसऱ्या दिवशी ते जाऊन परत येण्याच्या व्हिसाचा कागद घेऊन दारात उभे राहिले. मुदीरने स्वतः धावपळ करून तो काढून दिला होता. कपाळावर हात मारणारा तोच मुदीर.

विमानात त्यांनी खिडकी सोडली नाही. डोंगरावर पोचलो तेव्हा दुपार होती, आकाश स्वच्छ निळं. बर्फात पहिलं पाऊल टाकताना त्यांनी बूट जरा आपटला, वाकून चिमूटभर बर्फ उचलला, तोंडात घातला. "कोंबडीचा वास नाय," म्हणाले. मग मुलांच्या सरावाच्या उतारावर जाऊन ते सगळ्यांचं निरीक्षण करत उभे राहिले. एका अनोळखी बाईच्या मुलाच्या कॉलरमध्ये बोटं घालायला निघाले होते, मी वेळेवर अडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या मुलीची घसरगाडी दोरीने ओढत चढण चढायला सुरुवात केली. ती वरून घसरत खाली यायची, आणि हे पुन्हा ओढत वर. एकदा, दोनदा, दहादा. मी म्हटलं, काका, पुरे. ऐकेनात. चेहरा लाल झालेला, श्वास फुललेला. काखेतली चेन उघडली नव्हती, तेही माझ्या लक्षात आलं. मग आम्ही तिघे उतारावर गेलो, आणि ते वाऱ्याच्या तोंडावरच्या एका बाकावर जाऊन बसले. खालच्या चहाच्या खोलीत का बसले नाहीत, असं मला वाटलं. पण मला स्वतःला उभं राहायची मारामार होती, मी कुठे विचार करत बसणार?

पाऊण तासाने खाली आलो, तर ते तसेच बसलेले. ओठ जांभळे, गुडघे हलतायत. हात धरला तर बोटं वाकेनात. आम्ही त्यांना धरून चहाच्या खोलीत नेलं. कोट काढला, फ्लीसचा स्वेटर काढला, थर्मल नव्हताच. आत ओलाचिंब सुती बनियन आणि सुती इनर.

मी चिडलो. खरंच चिडलो. "काका, हे काय? तुम्हीच सगळ्यांना सांगता ना? तुमचं खरं की खोटं, ते बघायला बसलात की काय?"

त्यांचे दात वाजत होते, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागला. खोलीतल्या बाईने आणलेला चहा माझ्या बायकोने त्यांच्या ओठांना लावला. दोन घोट झाल्यावर म्हणाले, "खरं हाय, ते म्हाईत हाय मला. त्याच्यासाठी नाय."

"मग?"

"त्या पोरीला किती थंडी वाजली असेल, ते म्हाईत नव्हतं."

माझ्या मुलीला काय समजलं, किती समजलं, मला माहीत नाही. तिने आपला कोरडा स्वेटर काढून त्यांच्या पाठीवर टाकला आणि त्यांना चिकटून बसली. ते मान खाली घालून रडत होते. मीही तोंड फिरवलं.

रियाधला परतल्यावर त्यांचा शेवटचा महिना सुरू झाला. सामान बांधणं, सह्या, शिक्के. एका शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आले. बायकोने सुरमई केली होती. पानं वाढायच्या आधी ते म्हणाले, "साहेब, एक काम होतं. त्या डॉक्टरांचा नंबर मिळेल का? माझ्याकडचा लागत नाय. लावून द्या, मी माफी मागून जातो. फोन करू नका म्हणाले होते. पण आता जाणारच हाय."

रियाधमधल्या मराठी मंडळात कुणी ना कुणी कुणाला ओळखतंच. दोन फोन केल्यावर कळलं, डॉक्टर आता उत्तरेकडच्या हफ्र अल बातिन शहरात असतात. नंबर मिळाला. मी स्पीकर चालू केला आणि फोन ताटाशेजारी ठेवला. काका सावरून बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं.

मी माझी ओळख सांगितली. दुकानाचं सांगितलं. त्या वर्षीच्या सहलीचं सांगितलं.

पलीकडून आवाज आला, "हो, हो. आठवतं ना. तिथे एक गृहस्थ होते. कोकणातले. आहेत का अजून?"

मी काकांकडे पाहिलं. ते पुढे सरकले, बोलायला तोंड उघडलं.

पण डॉक्टरच पुढे बोलत होते. "मी फार वाईट बोललो होतो त्यांना. तुम्हाला सांगायला हरकत नाही आता. मुलीला निघायच्या आदल्या दिवशीच ताप होता. कसर होती अंगात. बायको म्हणत होती, सहल रद्द करू. मीच म्हटलं, काही होत नाही, डॉक्टर आहे ना मी. औषध दिलं आणि नेलं. मग तिकडे ते सगळं झालं. परत आल्यावर बायकोच्या समोर कुणावर तरी ओरडायला हवं होतं मला. तो माणूस समोर सापडला. मुलगी मजेत आहे, पुण्यात शिकतेय. पण ते गृहस्थ भेटले पाहिजेत एकदा. आहेत का तिथे?"

बायकोच्या हातात भाताचं भांडं तसंच राहिलं होतं. मी काकांकडे बघत होतो. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. ओरडायचा त्यांना हक्क होता. इतकी वर्षं, इतके फोन, तो बाक, तो वारा.

काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही म्हणून.

"नाहीत," मी म्हणालो. "गावी गेले ते."

"अरेरे," डॉक्टर म्हणाले. "राहून गेलं मग."

फोन बंद झाला. मी विचारलं, "काका, का नाही बोललात? तुमची चूक नव्हती हो."

"होती की थोडी. बनियन मीच दिलेला," ते म्हणाले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण पुन्हा काढलं. "पण बिचारे डॉक्टर. मी निदान तुम्हाला सांगितलं तरी. त्यांनी इतकी वर्षं कुणाला सांगितलं असेल?"

मग ते पाटावर जरा पुढे सरकले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, वाढा आता. भात गार होतोय."

त्यांना गावी जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या शुक्रवारी दुपारी ते नेहमीपेक्षा जास्त जेवले. तीनदा भात घेतला, आणि कोकमाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.